मक्याच्या कणसाचा नवा पाइप कडवट लागतो: तो रुळवावा कसा आणि पुढे राखावा कसा?

सावकाश:

नमस्कार. गेल्या महिन्यात मी तंबाखू ओढण्यासाठी मक्याच्या कणसापासून केलेला एक पाइप घेतला. याआधी माझ्याकडे ब्रायर लाकडाचा एकच पाइप होता आणि तोही आधी कोणीतरी वापरलेला असा हाती आला होता. त्यामुळे कोरा पाइप रुळवण्याचा, म्हणजे पहिल्या काही वेळा ओढून तो सरावाचा करण्याचा, अनुभव मला अजिबात नाही. कणसाचा पाइप नवशिक्याला सोपा जातो, तो रुळवावा लागतच नाही, पहिल्या दिवसापासून गोड लागतो, असे मी अनेकांकडून ऐकले होते. माझा अनुभव नेमका उलटा आहे, आणि खोट पाइपमध्ये आहे की माझ्या हातात, हे मला कळेनासे झाले आहे.

आतापर्यंत मी तो पाच वेळा ओढला. पहिली दहा-बारा मिनिटे छान जातात, भाजलेल्या मक्यासारखा गोडसर वासही येतो. वाटी निम्मी झाली, की चव एकदम पालटते आणि ओले लाकूड धुमसत असल्यासारखा कडवट धूर तोंडात येऊ लागतो. तिसऱ्या वेळेनंतर राख झाडून मी विजेरीच्या उजेडात आत पाहिले, तेव्हा लाकडी दांडीचे टोक तळाशी वाटीच्या आत जवळजवळ अर्धा सेंटिमीटर शिरलेले दिसले, आणि ते विझवलेल्या काडीसारखे काळे पडले होते. पाइपची बांधणीच अशी असते, की मला सदोष नग मिळाला आहे?

दुसरी तक्रार पाण्याची आहे. अर्ध्या तासानंतर दांडीतून गुडगुड आवाज येऊ लागतो आणि एकदा तर तपकिरी, जहाल कडू थेंब थेट जिभेवर आला. ते पाणी काढून टाकावे म्हणून मी पाइप गरम असतानाच मुखनळी पिळून ओढली, तर मुखनळी जागेवरच राहिली आणि दांडीच कणसातून किंचित हलल्यासारखी वाटली. शिवाय वाटीच्या काठाजवळ बाहेरच्या वॉर्निशला दोन बारीक फोड आले आहेत.

वाटीला आतून मध लावून ती वाळवावी, म्हणजे पाइप लवकर रुळतो, असे मला एकाने सुचवले. दुसऱ्याने नेमके तेच कधीही करू नका म्हणून बजावले. जाणकारांनी कृपया या सगळ्याचा उलगडा करावा.

जुना_दट्ट्या:

आपला नग सदोष नाही. साध्या बांधणीच्या कणसाच्या पाइपांत लाकडी दांडी भोकातून आरपार घालून तिचे टोक वाटीत थोडे पुढे ठेवलेले असते. अधिक काळजीने केलेल्या पाइपांत तळाला लाकडाची चकती बसवतात आणि दांडीचे टोक भिंतीशी बऱ्यापैकी सपाट असते, पण साध्या पाइपात ते डोकावणारच. कणसाचा पाइप रुळवावा लागत नाही, हे म्हणणे कणसापुरते खरे आहे. रुळवायचे असते ते हे लाकडी टोक. ते पूर्ण कोळपेपर्यंत वाटीच्या खालच्या भागात तंबाखूबरोबर थोडे लाकूडही जळते, आणि आपल्याला लागणारी कडवट चव त्याचीच आहे. वरची अर्धी वाटी गोड आणि खालची कडू, हे आपले वर्णन निदानासाठी पुरेसे आहे.

यावर तीन उपाय आहेत. पहिला म्हणजे काहीच न करणे. आठ-दहा वेळा ओढून झाल्यावर टोकाचा कोळसा होतो, त्यावर राखेचा आणि काजळीचा पातळ लेप बसतो आणि कडवटपणा आपोआप जातो. दुसरा, बोटाएवढ्या काठीला बारीक काचकागद गुंडाळून टोक घासून जरा आखूड करणे. तिसरा, आणि माझ्या आवडीचा, राखेचा गिलावा. सिगारची किंवा पाइपचीच पांढरी, पूर्ण जळलेली राख बोटांनी चुरून घ्यावी, थेंब-थेंब पाणी घालून ती लोण्याएवढी घट्ट कालवावी आणि काडीच्या टोकाने फक्त तळाशी, दांडीच्या टोकाभोवती लिंपावी. हे करताना दांडीत पाइप क्लीनर (नळी साफ करायची, सूत गुंडाळलेली लवचीक तार) घालून तो वाटीत थोडा बाहेर येऊ द्यावा, नाहीतर धुराची वाट बुजते. मग दोन दिवस पाइपला हात लावू नये. गिलावा सुकला, की लाकडाचे टोक थेट विस्तवाच्या तोंडी येत नाही.

पण टोकाहून मोठे कारण मला ओढण्याच्या वेगात दिसते. वॉर्निशला फोड येतात ते उष्णतेने, आणि काठाशी येतात ते बहुधा ज्वाळेने. वाटी काठोकाठ भरत असाल तर भरू नका, वरची तीन-चार मिलिमीटर जागा मोकळी ठेवा. झोत सोडणारा लायटर तर पाइपजवळही आणू नये. लाकडी काडी ओढावी, तिच्या डोक्यावरचे गुल जळून जाऊ द्यावे, आणि मगच ज्योत तंबाखूवर गोल फिरवावी. पहिल्यांदा पेटवल्यावर तंबाखू फुगून वर येते. ती दट्ट्याने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या साधनाने, अलगद, दट्ट्याच्या वजनानेच काय ती दबेल इतपत खाली बसवावी आणि पुन्हा पेटवावी. खरे पेटवणे ते दुसरे. पहिले विझले तरी वाईट वाटून घेऊ नये.

त्यानंतर झुरके ओढू नयेत, घोट घ्यावेत. मी स्वतः श्वास नेहमीच्या लयीत ठेवतो आणि एखादा श्वास पाइपमधून हलकेच आत-बाहेर करतो, तेवढ्यावर विस्तव तग धरतो. वाटी हाताच्या मुठीत धरवत नसेल, तर विस्तव फार झाला आहे असे समजून पाइप दोन-तीन मिनिटे खाली ठेवावा. तो विझेल, तर विझू द्यावा. पुन्हा पेटवण्यात कमीपणा नाही.

पहिली पाच-सहा वेळा वाटी अर्धीच भरा, पण ती तळापर्यंत ओढा. नवशिके वाटी पूर्ण भरतात, कडू लागले की अर्ध्यावर सोडून देतात, आणि तळाचे टोक महिनाभर कच्चेच राहते. आपल्या पाच वेळांपैकी किती वेळा आपण तळापर्यंत पोहोचलात, हे सांगाल का?

लाकूडकाम:

वरच्या प्रतिसादातील बहुतेक मुद्दे मला पटतात. मधाबद्दल आणि पाण्याबद्दल मला लिहायचे आहे, कारण हे दोन्ही प्रश्न पाइप ज्या वस्तूचा बनला आहे तिच्याशी बांधलेले आहेत.

दाणे काढलेले कणीस आडवे कापून पाहिले, तर मध्ये मऊ भेंड, त्याभोवती टणक लाकडी कडे आणि बाहेर दाण्यांच्या खोबणींचा खरखरीत थर दिसतो. पाइप करताना भेंड कोरून काढतात आणि ते टणक कडे वाटीची भिंत म्हणून राहते. बाहेरच्या खोबण्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरतात, घासून गुळगुळीत करतात आणि वर वॉर्निश देतात. ही प्लास्टरची युक्ती हेन्री टिबी या हॉलंडहून अमेरिकेत आलेल्या लाकूड-कातकाऱ्याची. मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन नावाच्या नदीकाठच्या गावात 1869 साली त्याने कणसाचे पाइप करायला सुरुवात केली आणि 1878 साली प्लास्टरच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. मीअरशॉम हा समुद्राच्या फेसावरून नाव पडलेला हलका, सच्छिद्र खनिज दगड आहे आणि त्याचे पाइप फार नावाजलेले असत. कणसाचा पाइपही तसाच हलका आणि थंड ओढला जातो, म्हणून टिबीने त्याला 'मिसूरी मीअरशॉम' म्हटले, आणि 1907 साली कंपनीनेही तेच नाव घेतले. ती आजही त्याच गावात पाइप करते. या कामाला आपण खातो ते कणीस चालत नाही. जाड आणि टणक गाभ्यासाठी पैदास केलेले मक्याचे वेगळे वाण लावतात, आणि दाणे काढलेली कणसे सुमारे दोन वर्षे वाळवून मगच कोरायला घेतात.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की दोन वर्षे खपून जी ओल घालवलेली असते, तीच आपण मध किंवा पाणी लावून दहा मिनिटांत परत आत घालतो. मधात पाणीही असते आणि साखरही. विस्तव लागला की साखर उकळते, फुगते आणि तिचा ठिसूळ, पोकळ कोळसा होतो. तो भिंतीला धरून राहत नाही, पापुद्रा होऊन सुटतो आणि सुटताना कणसाचा थरही ओरबाडून नेतो. ब्रायरच्या वाटीला मध लावणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, ते लाकूड पुष्कळ सोसते. कणसाला मध लावणे म्हणजे निव्वळ खोडी काढणे आहे.

राखेच्या गिलाव्यावर माझा तितका आक्षेप नाही, पण नवशिक्याच्या हातून तो पातळ कालवला जातो, आणि पातळ गिलाव्याचे पाणी कणीस शोषून घेते. मी काचकागदाच्या बाजूचा आहे. टोक भिंतीलगत आणण्याच्या नादात मात्र पडू नये. दोन-तीन मिलिमीटर राहू द्यावे, कारण दांडीची पकड त्या भोवतालच्या भिंतीतच असते आणि काचकागद भिंतीवर घसरला तर तिथे ती पातळ होते.

आता गुडगुड. तंबाखू जळताना पाण्याची वाफ होतेच, ती कोणालाही चुकलेली नाही. कणसाच्या पाइपात ही वाफ साठायला एक सोयीस्कर जागा असते. बहुतेक मुखनळ्यांत सहा मिलिमीटर जाडीचे कागदी फिल्टर बसते. फिल्टर न घालता ओढले, की ती पोकळी रिकामी राहते, अरुंद वाटेने आलेला धूर तिथे पसरतो, निवतो आणि त्यातले पाणी तिथेच उतरते. फिल्टर घालून पाहा. चव थोडी सौम्य होते, पण थेंब जिभेपर्यंत येत नाही. फिल्टर नको असेल, तर गुडगुड सुरू होताच पाइप क्लीनर मुखनळीतून सरळ आत घालावा, क्षणभर ठेवावा आणि बाहेर काढावा. त्यासाठी मुखनळी काढण्याची गरज नसते.

आणि गरम पाइपची मुखनळी काढूच नये. वाफेने लाकडी दांडी फुगलेली असते आणि मुखनळी तिच्यात घट्ट धरलेली असते. अशा वेळी पिळले, की जी बाजू कमजोर ती सुटते, आणि आपल्याकडे नेमके तेच झाले आहे. पाइप पूर्ण निवल्यावर, एका हाताने वाटी न धरता दांडीच धरून, मुखनळी एकाच दिशेने फिरवत काढावी आणि घालतानाही त्याच दिशेने फिरवत घालावी.

राहिली तंबाखू. पुडीतून काढल्याबरोबर आपण ती भरत असाल, तर निम्मे पाणी तिथूनच येते. चिमूटभर तंबाखू बोटांत दाबून सोडावी. तिचा गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे, आणि चुरा झाला तर फार वाळली आहे. दाबल्यावर ती हळूहळू पुन्हा मोकळी झाली पाहिजे. सुगंधी मिश्रणांत ओल टिकवणारे पदार्थ घातलेले असतात, त्यामुळे ती तासभर कागदावर पसरून ठेवली तरी पूर्ण सुकत नाहीत. नव्या कणसाला बर्ली जातीची साधी तंबाखू सर्वांत मानवते. ती सावकाश जळते, तिच्यात साखर कमी असते आणि कणसाच्या गोडसर वासाशी तिचे जमते.

राखरांगोळी:

मी थोडक्यात लिहितो. दर खेपेला गरम राख झाडून झाल्यावर एक कागदी रुमाल पिळून वाटीत घाला, दोनदा फिरवा आणि काढा. दांडीतून एक पाइप क्लीनर फिरवा. मग नवा पाइप क्लीनर आत ठेवून पाइप उघड्यावर, वाटी खाली आणि मुखनळी वर अशा स्थितीत टेकवून ठेवा. पुढचे दोन दिवस तो ओढू नका. एवढ्यावर माझा एक पाइप सहा वर्षे चालला आहे.

वाटीत कार्बनचा थर मात्र जमू द्या. ब्रायरला दीड मिलिमीटरपर्यंतचा थर चांगला मानतात, तेवढा कणसालाही हवा. थर म्हणजे भिंतीचे चिलखत आहे.

जुना_दट्ट्या:

राखरांगोळी यांच्याशी थराबद्दल मी सहमत नाही, आणि हा मुद्दा नवशिक्यासाठी महत्त्वाचा असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

ब्रायरचे लाकूड घट्ट आणि एकसंध असते. त्यावर बसलेला थर लाकडाबरोबर तापतो, लाकडाबरोबर निवतो आणि टिकतो. तिथेही तो फार जाड झाला तर लाकडापेक्षा अधिक फुगून वाटीला तडा देतो, म्हणून तो वेळोवेळी खरवडावा लागतो. कणसाची भिंत मुळात मऊ आणि सच्छिद्र असते. तिच्यावर दीड मिलिमीटरचा थर चढू दिला, तर तो कधीतरी खरवडावा लागणारच, आणि रीमर (वाटीतला थर खरवडायचे हत्यार) किंवा चाकूचे पाते कार्बन कोठे संपला आणि कणीस कोठे सुरू झाले हे ओळखत नाही. माझा पहिला पाइप मी असाच घालवला. खिशातल्या चाकूने काळा थर काढत होतो आणि एका बाजूला अचानक पिवळसर, भुशासारखा चुरा पडू लागला, तेव्हा मी कणीसच कोरत आहे हे लक्षात आले. त्या जागी भिंत पातळ झाली आणि पुढच्या दोन-तीन वेळांत बाहेरून तपकिरी डाग उमटला.

म्हणून कणसाला थर हवा तो कागदाइतका, भिंतीचा रंग काळा दिसेल आणि हाताला ती गुळगुळीत लागेल एवढाच. आपणच सांगितलेला कागदी रुमाल दर वेळी फिरवला, तर तो आपोआप तेवढाच राहतो. आपला पाइप सहा वर्षे टिकला तो मला वाटते रुमालामुळे, थरामुळे नव्हे.

राखरांगोळी:

पाइप समोर घेऊन बसलो आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यात दीड मिलिमीटर थर नाही. पाऊण मिलिमीटर असेल, तोही तळाशी. मी माझे वाक्य मागे घेतो, रुमाल मागे घेत नाही.

मंदाग्नी:

दोन गोष्टी अजून कोणी लिहिल्या नाहीत.

एक, मद्यार्क. ब्रायरच्या वाटीत मीठ भरून त्यावर मद्यार्क ओतून रात्रभर ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. कणसाच्या पाइपात ती कदापि करू नये. कणीस मद्यार्क स्पंजासारखे पिते, भिंत फुगते आणि बाहेरचे वॉर्निशही त्याने विरघळू शकते. दांडीत किटण फारच साचले असेल, तर पाइप क्लीनरचे टोक मद्यार्कात बुडवून, दोन बोटांत निपटून, फक्त दांडी आणि मुखनळीतून फिरवावे आणि लगोलग कोरडा क्लीनर फिरवावा. नळाखाली तर पाइप धरूच नये. मुखनळी तेवढी वेगळी काढून कोमट पाण्याने धुतली तर चालते, पण पूर्ण सुकल्याशिवाय ती परत बसवू नये.

दोन, वास. जे सच्छिद्र असते ते वास धरते, आणि एकदा धरला की सोडत नाही. धुरावर सुकवलेली लटाकिया तंबाखू दोन-चार वेळा ओढलेल्या पाइपात नंतर व्हॅनिलाच्या वासाचे मिश्रण भरले, तर दोन्हींची चव बिघडते. ब्रायरमधून वास काढण्याचे उपाय असतात. कणसाच्या बाबतीत मद्यार्क आणि मीठ वर्ज्य असल्याने तेही हाताशी राहत नाहीत. म्हणून लटाकियाला वेगळा पाइप ठेवावा. कणसाचे पाइप ब्रायरच्या मानाने पुष्कळ स्वस्त असल्याने हे परवडते, आणि दोन-तीन पाइप आलटून-पालटून ओढल्याने प्रत्येकाला सुकायला वेळही मिळतो.

नव्या पाइपच्या निवडीबद्दलही एक सुचवतो. दुसऱ्या महायुद्धातल्या छायाचित्रांत अमेरिकेचे जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या तोंडी जो उंच वाटीचा पाइप दिसतो, त्याच घाटाचे पाइप आजही मिळतात आणि ते पाहून अनेक जण तोच घेतात. दिसायला तो रुबाबदार असतो, पण वाटी खोल असल्याने तळाशी ओल साठते आणि तिथपर्यंत विस्तव सावकाश नेणे नवशिक्याला जमत नाही. आखूड, रुंद वाटीवर हात बसल्यावर तो घ्यावा.

आपण नवशिके आहात म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पाइपचा धूर सहसा छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका त्यातही आहे आणि निकोटीन तर आहेच. जीभ भाजत असताना हट्टाने ओढत राहणे कोणत्याही हिशेबाने शहाणपणाचे नाही.

सावकाश:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला साडेतीन आठवडे लागले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे मी ठरवले होते.

जुना_दट्ट्या यांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की पाच वेळांपैकी तळापर्यंत मी एकदाही पोहोचलो नव्हतो. कडू लागले, की मी राख आणि उरलेली तंबाखू झाडून टाकत होतो. त्यामुळे टोक प्रत्येक वेळी अर्धवट कोळपत होते आणि पुढच्या वेळी पुन्हा नव्याने धुमसत होते.

मी आधी पाइप चार दिवस तसाच सुकू दिला. मग पेन्सिलीला काचकागद गुंडाळून टोक घासले. काळा भाग निघून गेल्यावर आत पांढरट, कच्चे लाकूड दिसले आणि कडवटपणा कोठून येत होता हे डोळ्यांनी पाहायला मिळाले. दोन मिलिमीटर टोक ठेवून मी थांबलो. गिलाव्याच्या वादात न पडता तो टाळला. त्यानंतर एक दिवसाआड, अर्धी वाटी साधी बर्ली, असे सात वेळा ओढले. पहिल्या तीन वेळा शेवटच्या पाच मिनिटांत कडवटपणा आला, पण सहन होण्याजोगा. चौथ्या वेळी तो पुसट झाला. सहाव्या वेळी मी गप्पांच्या नादात तळ कधी आला हे मला समजलेच नाही. राख झाडली, तर तळाशी ओला गोळा नव्हता, फक्त करडी, कोरडी राख होती.

वेगाबाबत मात्र मला स्वतःला शिस्त लावावी लागली. घड्याळ समोर ठेवून पाहिले, तर पूर्वी मी दहा सेकंदांत एक झुरका घेत होतो. आता अर्ध्या मिनिटाला एक घोट घेतो. पाइप मधूनच विझतो आणि मी तो पुन्हा पेटवतो. एका अर्ध्या वाटीला चार-पाच काड्या लागतात आणि त्याचे मला आता काही वाटत नाही. वॉर्निशचे फोड होते तेवढेच आहेत, नवे आले नाहीत.

फिल्टर घालूनही पाहिले आणि काढूनही पाहिले. फिल्टर असताना गुडगुड पूर्ण थांबते, पण ओढायला किंचित जोर लागतो आणि जोर लावला की वेग वाढतो, असे माझे होते. म्हणून सध्या फिल्टरविना ओढतो आणि मध्ये एकदा क्लीनर फिरवतो. तंबाखू अर्धा तास कागदावर पसरून घेतल्यापासून त्याचीही क्वचितच गरज पडते.

एक गोष्ट उरली आहे. त्या दिवशी हललेली दांडी अजूनही जरा सैल आहे. ओढताना धूर कडेने निसटत नाही, पण मुखनळी काढताना ती किंचित फिरते. ती चिकटवावी का, आणि चिकटवायची तर कशाने?

लाकूडकाम:

चिकटवावी. सैल दांडी प्रत्येक वेळी थोडी-थोडी फिरून भोक मोठे करते आणि मग दुरुस्तीला जागा उरत नाही.

पाइप चार-पाच दिवस सुकू द्या, कारण ओल्या लाकडाला आणि ओल्या कणसाला चिकट धरत नाही. दांडी सहज बाहेर येत असेल तर काढा. येत नसेल तर ओढाताण न करता आहे तिथेच काम करा. सुतारकामाचा साधा पांढरा गोंद काडीच्या टोकावर घेऊन दांडी आणि कणीस जिथे मिळतात, त्या बाहेरच्या कडेला लावा आणि दांडी थोडी आत-बाहेर करून तो फटीत उतरू द्या. गोंद बाहेरच्या अर्ध्या जाडीतच राहिला पाहिजे. वाटीच्या आत, म्हणजे विस्तव जिथे असतो त्या बाजूला, त्याचा थेंबही जाता कामा नये, कारण तो जळला तर त्याचा धूर आपल्याच तोंडात येणार. झटपट चिकटणारे रासायनिक चिकट मी पाइपला वापरत नाही, त्यात चूक सुधारायला दोन क्षणही मिळत नाहीत.

दांडी बसवताना मुखनळीची वरची बाजू आणि वाटीचा काठ एका रेषेत आहेत ना, हे समोरून पाहून घ्या, नाहीतर पाइप कायमचा तिरका दिसेल. बाहेर आलेला गोंद ओलसर फडक्याने तेव्हाच पुसा. दांडीत पाइप क्लीनर घालून ठेवा, म्हणजे आत ओघळ आला तरी वाट बुजणार नाही, पण तो मधूनमधून फिरवत राहा, नाहीतर क्लीनरच आत चिकटून बसेल. पूर्ण एक दिवस तो तसाच ठेवा, आणि त्यानंतरही पहिली वेळ अर्ध्या वाटीचीच असू द्या.

सावकाश:

दांडी सहज बाहेर आली. गोंद लावून पाइप खिडकीत ठेवला आहे, आणि क्लीनर फिरवण्यासाठी तासातासाचा गजर लावला आहे.